एका चुलीवर जेवणारे

व्याख्या पाठ होती:
कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारे.
ती घेऊन मी हर्णैला उतरले,
साठ प्रश्नावल्या, दोन पेनं,
बंदी उठून बोटी गेल्याला अकरा दिवस झालेले.

नमुना यादृच्छिक, दर सातवं घर.
सातव्याला कुलूप, खाऱ्या वाऱ्याने गंजलेलं.
चौदाव्यातला म्हातारा म्हणाला, मी बहिरा आहे,
आणि हे त्याने माझा प्रश्न नीट ऐकून सांगितलं.
एकविसाव्याच्या ओट्यावर बायका हसल्या:
"नमुना शोधतेय म्हणे.
घरी आरसा नाय काय गो?"

उत्तरदाता क्रमांक तेवीस
किल्ल्याकडे पाठ करून मांदेली निवडत होती.
संमतिपत्रावर सही केली, ठसठशीत.
कागदाला एक खवला चिकटला,
तो अजून आहे.

व्यवसाय?
पहाटे लिलाव, मग निवडणं, मग दापोलीची एसटी, पायाशी पाटी.
छापील पर्याय: गृहिणी, शेतमजूर, इतर.
'इतर'पुढची रेघ अडीच इंचांची.

मासिक उत्पन्न?
"आधी डिझेल. मग बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा,
तांडेलाचा, खलाशांचा.
उरला तर आमचा. महिना कुणाला ठाऊक?"

एका चुलीवर किती जण जेवतात?
"कुठल्या चुलीवर?"

घरात ती आणि सून.
"तिचा गॅस निराळा. भांडण तेवढं एकत्र."
नवरा, दीर, तांडेल हमीद होडेकर,
दोघे नेपाळी, गुहागरचा एक मिसरूड न फुटलेला पोर,
हे आठ-आठ दिवस पाण्यावर.
तिथे एक स्टोव्ह, एक टोप,
कालवण कुणी तिखट केलं यावरून रोज तंटा.

मी व्याख्या पुन्हा वाचली.
व्याख्येप्रमाणे कुटुंब तिकडे होतं,
वीस वाव पाण्यावर हलत,
कुटुंबप्रमुख हमीद.
आणि ही समोरची, चार मुलांची आई,
एकल.

सरांना फोन केला.
"अपवाद आहे. वगळ."
रेंज गेली, की मीच ठेवला,
नोंदवहीत तेवढी नोंद नाही.

तिसऱ्या आठवड्यात तिने माझ्या हातून पेन काढून
कोळंबी दिली सोलायला.
पुस्तकात याला सहभागी निरीक्षण म्हणतात.
निरीक्षण तीच करत होती,
माझं बोट कापलं तेव्हाही,
आणि मी ते कुणाला न दाखवता तोंडात घातलं तेव्हाही.

चल म्हणजे जे बदलतं ते,
वय, शिक्षण, उत्पन्न, असं मी परीक्षेत लिहिलं होतं.
तिच्या तोंडी चल म्हणजे ऊठ,
बैलगाडी पाण्यातून वर येतेय, उचलायला दोन हात कमी आहेत.

मग एकदा बर्फ फोडता फोडता म्हणाली,
"आता तू सांग. तुझ्या चुलीवर किती?"
म्हटलं, मेस आहे. दीडशे मुली.
"बाय बाय! केवढं गो कुटुंब तुझं!"
शेजारच्या खोलीतल्या मुलीचं नाव मला येत नाही,
हे सांगितलं नाही.
आमच्याकडे त्यासाठी संकेतांक असतो,
नव्याण्णव: उत्तर नाही.

निघताना समजावलं,
प्रबंधात तुमचं नाव येणार नाही. गोपनीयता.
तिला ते पटेना.
"बोटीला नंबर असतो. पण नाव पण रंगवतो की आम्ही,
लांबून दिसेल असं."

प्रबंधात ती तेवीसच आहे,
पृष्ठ एकशे बारा, तळटीप, लहान टाइपात.
वगळली नाही, एवढंच मला जमलं.
इथे लिहिते: यमुना दोरकुळकर.
हेही तिचं खरं नाव नव्हे.
विकलेल्या बोटीचं आहे, यमुना.
तिनेच सुचवलं.
म्हणाली, ते आता कोणी वापरत नाय.